विमा एका कंपनीचा, सॉफ्टवेअर दुसरीचं: इन्शुरन्सचं आयटी काम घेणाऱ्या कंपन्यांची तुलना कशी होते?

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या लाखो लोकांना एक पत्र आलं. तुमचं नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी क्रमांक, काहींच्या बाबतीत आजारपणाची माहितीसुद्धा चोरीला गेली असावी, असं त्यात म्हटलं होतं. पत्रावर नाव होतं इन्फोसिस मॅककॅमिश सिस्टिम्स या कंपनीचं. गंमत म्हणजे पत्र मिळालेल्या माणसांनी या कंपनीशी कधी कसलाच करार केला नव्हता. कुणी विमा घेतला होता, कुणाची निवृत्ती योजना होती, आणि त्यांच्या लेखी त्यांचा संबंध फक्त त्या विमा कंपनीशी किंवा बँकेशी होता.

मॅककॅमिश ही अटलांटाची कंपनी. इन्फोसिसच्या बीपीओ शाखेनं ती २००९ मध्ये विकत घेतली. आयुर्विमा आणि निवृत्ती योजनांचे हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आणि ते चालवण्याची सेवा, हा तिचा धंदा. २९ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२३ या काळात तिच्या यंत्रणेत रॅन्समवेअर टोळी शिरली. ६० लाखांहून जास्त लोकांच्या माहितीला धक्का लागल्याचं पुढे उघड झालं. त्यावर दाखल झालेले खटले मिटवण्यासाठी मार्च २०२५ मध्ये १ कोटी ७५ लाख डॉलर देण्याचं ठरलं.

विमा कंपनी आपलं सॉफ्टवेअर कुणाकडे सोपवते, हा प्रश्न एरवी बोर्डरूममध्ये राहतो. तो सामान्य पॉलिसीधारकापर्यंत पोचतो तो असा. म्हणून ही निवड कशी होते, कोणत्या कंपन्या यात आहेत आणि त्यांच्यात फरक काय, हे समजून घेण्यासारखं आहे.

बाहेर दिलं जातं ते नेमकं काय?

विमा कंपनीच्या पोटात बरीच सॉफ्टवेअर्स असतात. पॉलिसी तयार करणारं आणि तिचा हिशेब ठेवणारं एक, क्लेमचं एक, हप्त्यांच्या वसुलीचं एक, एजंटांच्या कमिशनचं आणखी एक. मोबाइल ॲप आणि ग्राहकाला दिसणारं पोर्टल हे या सगळ्यावर चढवलेलं वरचं कातडं. 'ॲप्लिकेशन आउटसोर्सिंग' म्हणजे यातली काही किंवा सगळी सॉफ्टवेअर्स बनवणं, दुरुस्त ठेवणं, नव्या नियमांप्रमाणे बदलणं हे काम बाहेरच्या कंपनीला देणं. काही वेळा त्यापुढे जाऊन फोन घेणं, पत्रं पाठवणं, क्लेमचे कागद तपासणं हेही त्याच कंपनीकडे जातं.

विमा कंपन्या हे का करतात याचं 'पैसे वाचतात' हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर पॉलिसीच्या वयात आहे. बँकेतलं कर्ज वीस-पंचवीस वर्षांत फिटतं. आयुर्विम्याची पॉलिसी मात्र चाळीस वर्षंही चालते. १९८५ मध्ये विकलेल्या योजनेचा बोनस ज्या सूत्रानं मोजायचा ते सूत्र १९८५ च्याच संगणकीय प्रोग्रॅममध्ये, बहुधा कोबोल या भाषेत लिहिलेलं असतं. तो लिहिणारा माणूस निवृत्त झालेला असतो. कागदावरची टिपणं अपुरी असतात. आणि योजना बंद करता येत नाही, कारण पॉलिसीधारक जिवंत आहे आणि हप्ता भरतो आहे. अशा जुन्या यंत्रणेला हात लावायला कंपनीच्या आत माणूस उरत नाही, तेव्हा बाहेर शोध सुरू होतो.

तीन वेगळ्या जाती, एकाच रांगेत

या क्षेत्रात तुलना करताना होणारी पहिली गल्लत म्हणजे वेगवेगळ्या जातीच्या कंपन्या एकाच तक्त्यात बसवणं. गाडी बनवणारा, गाडी दुरुस्त करणारा आणि ड्रायव्हरसकट भाड्यानं देणारा यांची तुलना दरानं करता येत नाही. इथेही तसंच आहे.

पहिली जात तयार सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची. मोटार, घर, आग अशा साधारण विम्यात कॅलिफोर्नियाच्या गाइडवायरचं नाव सगळ्यात आधी येतं. २००१ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीची पॉलिसी, क्लेम आणि बिलिंग अशी तीन मुख्य उत्पादनं आहेत. तिची स्पर्धक डक क्रीक. ती २०११ मध्ये ॲक्सेंचरनं घेतली, २०१६ मध्ये वेगळी केली आणि २०२३ मध्ये व्हिस्टा या गुंतवणूक कंपनीनं सुमारे २६० कोटी डॉलरना विकत घेतली. याच जातीत एक नाव मुंबईच्या मुळांचं आहे, मॅजेस्को. १९८२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या मास्टेकचा विमा व्यवसाय म्हणजे ही कंपनी. २०१५ मध्ये ती न्यूयॉर्क शेअर बाजारात स्वतंत्र नोंदवली गेली आणि २०२० मध्ये थोमा ब्राव्हो या अमेरिकी गुंतवणूकदारानं घेतली.

दुसरी जात हे सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांची आणि सांभाळणाऱ्यांची. कॅपजेमिनी, ॲक्सेंचर, कॉग्निझंट, टीसीएस, इन्फोसिस, विप्रो, एचसीएल, एलटीआयमाइंडट्री ही सगळी ओळखीची नावं इथे भेटतात. गाइडवायर विकत घेणारी विमा कंपनी ते बसवायला बहुतेकदा यांच्यापैकी कुणाला तरी बोलावते. इथे कंपनीच्या एकूण आकाराला फारसा अर्थ नसतो. गाइडवायर येणारी किती माणसं तिच्याकडे आहेत आणि त्यातली किती प्रत्यक्ष आपल्या कामावर येणार, हे पाहिलं जातं.

तिसरी जात सगळंच उचलणाऱ्यांची: सॉफ्टवेअर, माणसं, फोन, पत्रव्यवहार. ब्रिटनमध्ये टीसीएसची डिलिजेंटा, अमेरिकेत मॅककॅमिश. बीपीओकडून या बाजूला आलेल्या ईएक्सएल आणि डब्ल्यूएनएसही इथेच. मुंबईत विक्रोळीहून चालणारी डब्ल्यूएनएस १९९६ मध्ये ब्रिटिश एअरवेजचा एक विभाग म्हणून सुरू झाली होती. २००८ मध्ये तिनं ब्रिटिश विमा कंपनी अव्हिवाची भारत आणि श्रीलंकेतली सेवा केंद्रं विकत घेतली आणि सोबत अव्हिवाचं अनेक वर्षांचं कामही मिळवलं. २०२५ मध्ये कॅपजेमिनीनं सुमारे ३३० कोटी डॉलरना डब्ल्यूएनएसच घेतली. म्हणजे दुसऱ्या जातीच्या कंपनीनं तिसऱ्या जातीची विकत घेतली. सीमा अशा पुसट होत चालल्या आहेत.

आरोग्य विम्यात कॉग्निझंटची गोष्ट वेगळी. तिनं २०१४ मध्ये २७० कोटी डॉलर मोजून ट्रायझेटो घेतली, आणि अमेरिकेतल्या अनेक आरोग्य विमा कंपन्या वापरतात ती 'फॅसेट्स' ही प्रणाली तिच्या मालकीची झाली. सॉफ्टवेअरही तिचं आणि ते सांभाळणारी माणसंही तिची. ग्राहकाला हे सोयीचं वाटतं. पुढे दुसऱ्याकडे जायचं ठरलं की हीच सोय गळ्यात अडकते.

भारतातल्या वाचकासाठी एक खुलासा. आपल्याकडे हॉस्पिटलमध्ये कॅशलेसची मंजुरी देताना जी 'टीपीए' भेटते, ती आयआरडीएआयकडे नोंदवलेली वेगळी संस्था आहे. परदेशात विम्याचं कामकाज चालवणाऱ्या कंपन्यांनाही टीपीए म्हणतात, पण दोन्ही एक नव्हेत.

विक्री बंद, पॉलिसी चालू: डिलिजेंटाचा धंदा

या क्षेत्रात भारतीय कंपनीनं खरोखर वेगळं काय केलं, याचं उत्तर पीटरबरो या इंग्लिश शहरात आहे. तिथे पर्ल ही जुनी आयुर्विमा कंपनी होती. तिनं नव्या पॉलिसी विकणं थांबवलं होतं, पण लाखो जुन्या पॉलिसी चालू होत्या. ब्रिटनमध्ये याला 'क्लोज्ड बुक' म्हणतात, म्हणजे वहीत नवी नोंद होणार नाही, जुन्या नोंदी संपेपर्यंत सांभाळायच्या.

अशा कंपनीची अडचण साधी पण जीवघेणी असते. दरवर्षी काही पॉलिसींची मुदत संपते, काही माणसं मरतात. पॉलिसी कमी होतात, तसं उत्पन्नही. सर्व्हर, इमारत आणि कर्मचाऱ्यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. काही वर्षांनी एकेका पॉलिसीमागचा खर्च परवडेनासा होतो.

२००५ मध्ये टीसीएसनं पर्लशी १२ वर्षांचा, ४८.६ कोटी पौंडांचा करार केला आणि त्यासाठी डिलिजेंटा ही कंपनी उभी केली. पर्लचे शेकडो कर्मचारी या नव्या कंपनीत आले. कल्पना अशी, की पर्लनं ठरावीक मोठा खर्च सोसण्याऐवजी पॉलिसीच्या संख्येशी जोडलेला मोबदला द्यायचा. पॉलिसी घटल्या की बिल घटेल. उरलेली क्षमता डिलिजेंटा दुसऱ्या विमा कंपन्यांच्या जुन्या पॉलिसींनी भरेल. आणि सगळ्यांचा हिशेब हळूहळू टीसीएसच्या 'बँक्स' या एकाच प्रणालीवर आणला जाईल.

हे जमलं. २०११ मध्ये फ्रेंड्स लाइफनं १५ वर्षांसाठी १३७ कोटी पौंडांचं काम दिलं. २०१८ मध्ये प्रुडेन्शियलनं आपलं काम कॅपिटा या ब्रिटिश कंपनीकडून काढून डिलिजेंटाकडे नेलं. फ्रेंड्स लाइफ पुढे अव्हिवात विलीन झाली, तरी २०२४ मध्ये अव्हिवानं करार आणखी १५ वर्षांनी वाढवला. पर्ल ग्रुप म्हणजेच आजचा फिनिक्स ग्रुप. मजा म्हणजे याच फिनिक्सनं मार्च २०२५ मध्ये आपल्या रीअशुअर या कंपनीचं १० वर्षांचं, सुमारे ५० कोटी पौंडांचं काम विप्रोला दिलं. एका घरात दोन ठेकेदार ठेवण्यामागे हिशेब असतो. दर ठरवताना समोरच्याला ठाऊक असतं की शेजारी दुसरा बसलाय.

अमेरिकेत तेच सूत्र का अडलं?

ब्रिटनमधलं यश पाहून जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या ट्रान्सअमेरिकानं टीसीएसला २०० कोटी डॉलरहून मोठं, १० वर्षांचं काम दिलं. सुमारे १ कोटी पॉलिसी, आणि दोन हजारांहून जास्त कर्मचारी टीसीएसकडे. भारतीय आयटीतल्या सर्वांत मोठ्या विमा करारांपैकी हा एक होता. जून २०२३ मध्ये, निम्म्या वाटेवर, दोघांनी तो संपवत असल्याचं जाहीर केलं. बदललेली आर्थिक परिस्थिती आणि दोघांचे आपापले प्राधान्यक्रम, असं कारण सांगितलं गेलं. काम परत सोपवायला सुमारे अडीच वर्षं लागतील, हेही तेव्हाच सांगितलं.

हे अडीच वर्षांचं वाक्य महत्त्वाचं. दूधवाला बदलावा तसा आयटी पुरवठादार उद्यापासून बदलता येत नाही. पॉलिसीचा सगळा इतिहास एका प्रणालीतून दुसरीत न्यायचा, प्रत्येक रक्कम जुळवायची, कर्मचारी परत घ्यायचे. म्हणून जाणकार विमा कंपन्या करार करतानाच तो मोडायचा कसा याची कलमं वाचतात. डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळणार, किती महिने मदत मिळणार, त्याचे पैसे किती, आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स नंतर कुणाकडे राहणार?

लायसन्सवरून तर याच प्रकरणात वेगळा खटला उभा राहिला. ट्रान्सअमेरिका जुन्या पॉलिसींसाठी सीएससीचं सॉफ्टवेअर वापरत होती. सीएससी म्हणजे २०१७ नंतरची डीएक्ससी. 'व्हँटेज' आणि 'सायबरलाइफ' ही तिची दशकांपासूनची उत्पादनं. ट्रान्सअमेरिकाचे कर्मचारी टीसीएसचे झाले, आणि त्यांच्या हातात असलेला सीएससीचा सोर्स कोड आणि कागदपत्रं वापरून टीसीएसनं आपलं स्पर्धक सॉफ्टवेअर तयार केलं, असा दावा सीएससीनं २०१९ मध्ये डॅलसच्या कोर्टात केला. टीसीएसनं आरोप नाकारला. जून २०२४ मध्ये न्यायाधीशांनी टीसीएसला सुमारे १९.४ कोटी डॉलर भरायला सांगितलं. टीसीएसनं अपिलाचा मार्ग धरला.

विमा कंपनीच्या दृष्टीनं यातला धडा वकिली भाषेत न बोलताही समजतो. जुन्या पुरवठादाराचं सॉफ्टवेअर घरात असताना नव्याला आत घेतलं, तर नव्याला त्यातलं किती दाखवायचं हे जुन्याच्या लायसन्समध्ये लिहिलेलं असतं. ते आधी वाचावं लागतं.

डेमोवर भुलणं किती महागात जातं? को-ऑप आणि आयबीएम

पुरवठादार निवडताना काय चुकू शकतं, याचा सगळ्यात तपशीलवार दाखला लंडनच्या कोर्टाच्या निकालपत्रांत मिळतो. सहसा असे वाद बंद दाराआड मिटतात. हा मिटला नाही.

ब्रिटनच्या को-ऑप समूहाची साधारण विमा कंपनी मोटार आणि घराचे विमे विकायची. तिची यंत्रणा जुनी होती आणि समूहाच्या बँकेच्या यंत्रणेत गुंतलेली होती. ती सोडवून नवी बसवायला जून २०१५ मध्ये तिनं आयबीएमशी करार केला. उभारणी आणि पुढची १० वर्षं चालवणं मिळून सुमारे १७.५ कोटी पौंडांचं काम. पण सॉफ्टवेअर आयबीएमचं नव्हतंच. ते इनोव्हेशन ग्रुप या तिसऱ्या कंपनीचं 'इन्शुरर स्वीट' होतं, आणि आयबीएमनं तिला पोटकंत्राट दिलं होतं.

सॉफ्टवेअर तयार आहे, थोडेफार बदल करून बसवता येईल, असं सगळे धरून चालले होते. काम सुरू झाल्यावर कळलं की ब्रिटिश बाजारासाठी त्यात अपेक्षेपेक्षा खूपच जास्त नवं लिहावं लागणार आहे. तारखा हुकू लागल्या. २०१७ पर्यंत नाती इतकी बिघडली, की २९ लाख पौंडांच्या एका बिलावरून वाद पेटला. को-ऑपनं बिल थकवलं असं म्हणत आयबीएमनं त्याच वर्षी जुलैमध्ये करार संपवला.

२०२१ मध्ये हायकोर्टानं सांगितलं की करार असा संपवणं आयबीएमच्या अधिकारात बसत नव्हतं. को-ऑपच्या बाजूनं निकाल, पण पैसे? वाया गेलेल्या खर्चापोटी को-ऑपनं सुमारे १२.२ कोटी पौंड मागितले होते. करारात एक कलम होतं: नफा, महसूल किंवा बचत बुडाल्यास भरपाई मिळणार नाही. वाया गेलेला खर्च हाही त्याच कलमात येतो असं म्हणत हायकोर्टानं ती मागणी नाकारली. हातात येणार होते जेमतेम १.३ कोटी. एप्रिल २०२२ मध्ये अपील कोर्टानं हे उलटवलं. 'वाया गेलेला खर्च' हे शब्द त्या कलमात कुठेही नाहीत, मग तो वगळलाय असं मानता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. तरीही पूर्ण रक्कम मिळाली नाही, कारण आयबीएमच्या जबाबदारीला करारानं मर्यादा घातली होती. ती होती सुमारे ८.०६ कोटी पौंड.

तोपर्यंत को-ऑपनं ही विमा कंपनी विकूनही टाकली होती.

तुलनेच्या तक्त्यात सहसा दर, अनुभव, माणसं, प्रमाणपत्रं असे रकाने असतात. वरच्या प्रकरणात निर्णायक ठरलेल्या गोष्टी त्यात नसतात. सॉफ्टवेअर आपल्या देशात, आपल्या प्रकारच्या विम्यासाठी आधी कुठे प्रत्यक्ष चालतंय का? करार ज्याच्याशी आहे तोच काम करणार आहे की त्याच्या मागे आणखी कुणी? आणि सगळं फसलं तर समोरचा जास्तीत जास्त किती देणं लागतो?

यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळवायचा मार्ग जुनाच आहे. पुरवठादारानं सुचवलेल्या ग्राहकाला फोन करायचा, आणि त्यानं न सुचवलेल्या, करार संपवून गेलेल्या ग्राहकालाही करायचा. दुसरा फोन जास्त उपयोगी पडतो.

९९.९ टक्के म्हणजे किती?

प्रत्येक प्रस्तावात 'यंत्रणा ९९.५ टक्के वेळ चालू राहील' किंवा '९९.९ टक्के' असं वाक्य असतं. दोन्ही आकडे कानाला सारखेच वाटतात. हिशेब केला तर ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटं बंद, आणि ९९.५ टक्के म्हणजे साडेतीन तासांहून जास्त बंद. त्यातही हे तास कधीचे, हा खरा प्रश्न. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी पहाटे पोर्टल बंद पडलं तर कुणाला पत्ता लागत नाही. ३१ मार्चला दुपारी बंद पडलं, तर कर वाचवायला हप्ता भरणारे आणि त्यांचे एजंट सगळेच अडकतात. चांगल्या करारात म्हणून महिन्याच्या सरासरीबरोबर गर्दीच्या दिवसांसाठी वेगळी अट आणि वेगळा दंड लिहिलेला असतो.

पैसे मोजायच्या पद्धतीचंही असंच. माणसांच्या तासांवर बिल लागत असेल, तर काम लांबलं की पुरवठादाराचा फायदा. ठोक रकमेत दिलं, तर प्रत्येक छोट्या बदलाला 'हे मूळ कामात नव्हतं' असं उत्तर येतं आणि वेगळं बिल लागतं. पॉलिसीमागे दर ठरवला, तर पुरवठादार एकेका पॉलिसीवरचा वेळ कमी करायला बघतो. जुन्या, स्थिर पॉलिसींना हा तिसरा प्रकार शोभतो, नव्या योजना सतत बाजारात आणणाऱ्या कंपनीला नाही. एकच पद्धत सगळीकडे लावणाऱ्या विमा कंपनीला कुठे ना कुठे फटका बसतो.

माणसांबद्दल एक गोष्ट प्रस्तावात कधी छापलेली नसते. सादरीकरणाला येणारी टीम आणि कामाला येणारी टीम वेगळी असते. म्हणून काही विमा कंपन्या मुख्य माणसांची नावं करारातच घालून घेतात आणि परवानगीशिवाय ती बदलायची नाहीत अशी अट ठेवतात.

सगळ्यांचा एकच ठेकेदार असेल तर?

लंडनच्या विमा बाजारात जहाजांपासून उपग्रहांपर्यंतचे मोठे विमे उतरवले जातात. तिथल्या अनेक कंपन्यांचं हप्ते आणि क्लेमचं सामायिक काम वर्षानुवर्षं एकाच यंत्रणेतून होतं. ती चालवणारी कंपनी आधी एक्सचेंजिंग होती, २०१६ मध्ये सीएससीकडे गेली, मग डीएक्ससीची झाली. आता त्या संयुक्त उपक्रमाचं नाव व्हेलोनेटिक. ही जुनी यंत्रणा बदलण्याच्या 'ब्लूप्रिंट टू' या योजनेचा पहिला टप्पा १ जुलै २०२४ ला सुरू व्हायचा होता. तो पुढे ढकलावा लागला. यंत्रणा सगळ्यांची एकच, त्यामुळे एकाची तयारी नसली तरी सगळा बाजार थांबतो. तुलना करायला दुसरा पुरवठादारच नसतो, तेव्हा तक्त्याचा उपयोग उरत नाही.

युरोपनं याच भीतीपोटी 'डोरा' हा कायदा आणला. १७ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. बँका आणि विमा कंपन्यांनी आपल्या आयटी पुरवठादारांची नोंदवही ठेवायची, आणि फार मोठ्या पुरवठादारांवर युरोपीय नियामक थेट नजर ठेवणार, अशी त्यात तरतूद आहे.

भारतात काय बाहेर देता येत नाही?

भारतातही विमा क्षेत्रातली मोठी कामं आता आयटी कंपन्यांकडे जात आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये एलआयसीनं 'डाइव्ह' या डिजिटल प्रकल्पासाठी इन्फोसिसची निवड केली. सॉफ्टवेअर बनवायला आणि सांभाळायला देण्यावर बंदी नाही. पण निर्णय बाहेर देण्यावर आहे.

आयआरडीएआयच्या २०१७ च्या आउटसोर्सिंग नियमावलीत याची यादीच होती. गुंतवणूक, योजनेची आखणी, ॲक्चुअरीचं काम, केवायसीची पूर्तता, पॉलिसीधारकांच्या तक्रारींचं निवारण, आणि विमा द्यायचा की नाही किंवा क्लेम मंजूर करायचा की नाही याचा निर्णय. क्लेमचे कागद बाहेरच्या कंपनीनं स्कॅन करावेत, जुळवावेत, हे चालेल. 'नामंजूर' हा निर्णय विमा कंपनीचाच असला पाहिजे. २०२४ मध्ये नियमावल्या एकत्र करून नव्यानं आणल्या गेल्या, तरी काम बाहेर दिलं म्हणून विमा कंपनीची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व तसंच आहे. या रेषेची परीक्षा पुढच्या काळात होणार आहे ती एआयमुळे. पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरनं क्लेमला लाल झेंडा दाखवला आणि विमा कंपनीतल्या माणसानं न वाचता शिक्का मारला, तर निर्णय कुणाचा म्हणायचा?

माहितीच्या बाबतीतही नियम कडक होत आहेत. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं, हे बंधन २०२२ पासून आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ग्राहकाची माहिती ज्या कंपनीनं गोळा केली तीच मुख्य जबाबदार धरली आहे, तिच्या वतीनं ती माहिती हाताळणारी आयटी कंपनी नव्हे. सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक बंधनं १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. म्हणजे सध्या सह्या होत असलेल्या अनेक करारांच्या मुदतीतच ती येणार. पुरवठादाराकडून गळती झाली, तर विमा कंपनीला बसलेला दंड तो भरून देणार का, हा प्रश्न आता तक्त्यात वरच्या ओळीत आला आहे.

पॉलिसीधारकानं काय पाहायचं?

आपल्या विमा कंपनीचं सॉफ्टवेअर कोण चालवतं, हे निवडण्याचा अधिकार ग्राहकाला नाही. विमा कंपनीच्या वेबसाइटवरच्या गोपनीयता धोरणात माहिती कोणत्या कामासाठी आणि कोणत्या प्रकारच्या पुरवठादारांना दिली जाते, हे लिहिलेलं असतं. ते पान कंटाळवाणं असतं, पण प्रस्ताव अर्जावर सही करताना त्यालाही संमती दिली जाते.

हप्ता कापला गेला पण पावती आली नाही, पोर्टलवर नॉमिनीचं नाव चुकीचं दिसतंय, क्लेमचे कागद अपलोड करूनही 'कागद अपूर्ण' असा मेसेज येतोय, अशा वेळी 'आमच्या व्हेंडरकडे प्रॉब्लेम आहे' हे उत्तर पुरेसं नाही. तक्रार विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्यायची, स्क्रीनशॉट आणि तारखेसह. तिथे दाद लागली नाही तर आयआरडीएआयचं 'बिमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ ही हेल्पलाइन. महिनाभरात उत्तर मिळालं नाही किंवा मिळालेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात लोकपालांची कार्यालयं आहेत, आणि तक्रारीसाठी शुल्क लागत नाही. तक्रार अर्जात समोरचा पक्ष म्हणून विमा कंपनीचंच नाव लिहायचं.